तंटामुक्त प्रवाळ

आमच्या ताब्यातला समुद्र यंदा नेहमीपेक्षा जास्त तापला आहे, ही बाब प्रवाळमत्स्य कल्याण विभागाच्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून देणारी माझीच बायको. ती विभागाची मत्स्यगणक, म्हणजे बुडी मारून प्रवाळातले मासे मोजणारी. आणि मी प्रसिद्धी अधिकारी, म्हणजे तिने मोजलेलं जगाला सांगणारा. मोजणं आणि सांगणं यांच्या मधल्या वाटेत आकड्यांचं काय होतं, हा आमच्या संसारातला जुना वाद आहे.

त्या दिवशी ही ओल्या केसांनीच साहेबांच्या खोलीत शिरली. साहेबांच्या खोलीतलं यंत्र इतकी गार हवा सोडतं की भर उन्हाळ्यात ते शाल पांघरून बसतात. हिने सांगितलं, पाण्यात उष्णतेची लाट आली आहे, प्रवाळ पांढरे पडताहेत, गरम पाण्यात माशांना श्वास पुरत नाही. अशात पर्यटकांच्या होड्या डोक्यावरून घरघरत गेल्या की मासे दचकून पळतात आणि उरलीसुरली ताकद त्यात घालवतात. पाणी निवेपर्यंत होड्या बंद ठेवा, एवढंच मागणं. नाहीतर पाणी निवेल तेव्हा मोजायला मासे नसतील.

साहेबांनी शाल सावरली. "म्हणजे माशांची तक्रार आहे?"

"मासे तक्रार करत नाहीत, साहेब."

"मग झालं तर," साहेब म्हणाले.

तरी आमचे साहेब न्यायी. ऐकीव माहितीवर निर्णय घेणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी पाहणी समिती नेमली. समितीत ते, मी आणि हिचा आग्रह म्हणून ही. पाहणीसाठी काचेच्या तळाची होडी घेतली, अर्थात पर्यटकांचीच, कारण विभागाची होडी दुरुस्तीला गेली ती तिकडेच रमली आहे. एरवी होडीची सावली पडली की मासे सुळकन सटकायचे. या वेळी एकही जागचा हलला नाही. साहेबांना गहिवरून आलं. इतक्या वर्षांच्या कल्याणकार्यानंतर माशांचा प्रशासनावर विश्वास बसला, असं ते म्हणाले. ही म्हणाली, त्यांच्यात पळायचं त्राण उरलेलं नाही. त्यावर साहेब म्हणाले की विश्वासाची कारणं प्रत्येकाची वेगळी असतात.

मग पाहणीला रंग चढला. पांढरे पडलेले प्रवाळ 'स्वच्छता' या सदरात गेले. काही प्रवाळ आधीच मेले होते आणि त्यांच्यावर शेवाळ चढलं होतं, ते 'हरितीकरण' ठरलं. ते शेवाळ खायला पोपट मासे झुंडीने आले होते, म्हणून मत्स्यसंख्येत वाढ नोंदली गेली. काही जातींचे मासे मात्र गार पाण्याच्या शोधात खोल निघून गेले होते. त्यांनी परवानगी घेतली होती का, असं साहेबांनी विचारलं. घेतली नव्हती. पण साहेब मनाने मोठे, त्यांनी त्या सर्वांना 'प्रतिनियुक्तीवर' दाखवायला सांगितलं, म्हणजे संख्या कमी व्हायला नको. मेलेले मासेही शेवटी खालीच जातात, तेव्हा त्यांचीही सोय तिथेच झाली.

राहता राहिले फुलपाखरू मासे. पिवळेधमक, नवरा-बायकोच्या जोडीने राहणारे आणि महाभांडखोर. आपल्या प्रवाळाजवळ शेजारी फिरकला की दोघं मिळून त्याच्यावर धावून जायचे. त्यातल्या एका जोडीवर हिचा फार जीव. घरी जेवताना त्यांच्या मारामाऱ्या ती इतकी रंगवून सांगायची की माझी आईसुद्धा विचारायची, आज कोणाला हाणलं गं त्यांनी? तर त्या जोडीच्या पुढ्यातून तीन परके मासे गेले आणि दोघं नुसते बघत राहिले.

"तंटा मिटला म्हणायचा," साहेब मला म्हणाले. "लिहून घ्या."

"मिटला नाही हो," ही म्हणाली. "ज्याच्यासाठी भांडायचं तो प्रवाळच मेलाय. त्यांना खायला नाही. भांडायलाही अंगात काही लागतं."

मी लिहून घेतलं. साहेबांचं.

घरी आल्यावर हिने मला फैलावर घेतलं. डोळ्यांनी पाहिलंत की नाही, तिने विचारलं. मी म्हणालो, पाहिलं, पण अधिकृतपणे नाही. त्यावर तिने माझ्या सात पिढ्यांचा समाचार घेतला, आणि आईने, त्यातल्या बऱ्याच पिढ्या तिच्या सासरच्या असल्यामुळे, हसत हसत दुजोरा दिला.

'तंटामुक्त प्रवाळ' हा माझा लेख मात्र गाजला. भांडण सोडलेले मासे पाहायला लोक लोटले. एकमेकांशी बोलणं टाकलेले भाऊ सहकुटुंब आले, शेजाऱ्यांवर दावे लावलेले सज्जन आले, पोरांना मासे दाखवून बघा, शिका काहीतरी, म्हणाले. होड्या बंद व्हायचं राहिलं बाजूला, उलट दुप्पट झाल्या. ही साहेबांशी भांडली, होडीवाल्यांशी भांडली, माझ्याशी तर रोजच. होडीवाला म्हणाला, ताई, मासे काही बोलत नाहीत, तुम्हालाच का एवढं लागतं?

एका संध्याकाळी बुडी मारून ती घरी आली आणि म्हणाली, ती जोडी नाही. मी घाईघाईने म्हणालो, प्रतिनियुक्तीवर गेली असेल. आता आपलं काही खरं नाही, अशा तयारीने मी बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातपाय धुतले, ताटं घेतली, मला वाढलं आणि समोर बसून गुपचूप जेवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्यासमोर होड्यांचे परवाने आणखी वाढवले, तेव्हा तिने मान डोलावली. विभागातलं वातावरण खूपच सुधारलंय, असं साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले.

आईने मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अरे, ती भांडत का नाही रे तुझ्याशी? बरं नाहीये का तिला?"

मी अधिकृत उत्तर दिलं. घरात शांतता आहे, चिंतेचं कारण नाही. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि निघून गेली. तीही भांडली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण असल्या गोष्टींना विभागात सदर नाही.

असो. वाचकहो, आपलेही आभार. आपण हे सगळं शेवटपर्यंत वाचलंत, मध्ये दोन-तीनदा हसलातही, पण 'होड्या थांबवा' असं एकदाही म्हणाला नाहीत. विभागाने आपली नोंद विश्वास बसलेल्यांमध्ये केली आहे.