शौकतभाईंना शेवट सांगताना

मी आजवर पन्नासेक इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचे शेवट वाचले आहेत. सुरुवात एकाही कादंबरीची वाचलेली नाही. नदीतून प्रेत कोणाचं निघालं हे मला माहीत नसतं, पण शेवटच्या वीस पानांत कोण कोणाच्या गळ्यात पडून रडलं ते मी सांगू शकते. ही अवस्था माझ्यावर शौकतभाईंनी आणली.

शौकतभाई आमच्या दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामाचे स्टोअरकीपर. वय साठीला टेकलेलं, गाव रत्नागिरीच्या खाडीकाठचं, मुक्काम शारजाला रोल्लात, एका खोलीत एकटेच. आमच्याकडे अमेरिकेहून मोडक्या गाड्या कंटेनर भरभरून येतात. पुरात बुडालेल्या, अपघातात चेपलेल्या. त्यांचे पार्ट सुटे करून विकायचे, हा धंदा. मी तिथे कागदपत्रं सांभाळते. गाडी उघडली की सीटखाली काय काय सापडतं: चष्मे, खेळणी, लहान मुलांचे बूट. आणि पुस्तकं. एकदा एका चेपलेल्या जीपमध्ये शौकतभाईंना पाण्याने फुगलेली जाडजूड कादंबरी मिळाली. ती त्यांनी उन्हात वाळवली आणि पार्टच्या कॅटलॉगवर शिकलेल्या इंग्रजीच्या जोरावर, ओळीखाली बोट ठेवून, चार महिन्यांत संपवली. तेव्हापासून ते त्या प्रकारचे गुलाम झाले.

प्रकार एकच. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं एखादं गाव, दलदल, नदी, जुनं खानदान. त्या खानदानात कोणीतरी कधीतरी काहीतरी केलेलं असतं आणि सगळे गप्प असतात.

"हे अमेरिकेचं कोकण आहे गो बाय," ते मला समजावायचे. "तीच दमट हवा, तीच खाडी, तेच चुलतभावांचे तंटे. सगळ्यांना सगळं ठाऊक, पण बोलायचं कोणी नाही. फक्त नारळ नाहीत."

त्यातल्या शेरीफला ते 'शरीफ' म्हणत. "हा शरीफ काही शरीफ दिसत नाही," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं की मला खोकल्याचं नाटक करावं लागे.

गाड्यांतून मिळणारी पुस्तकं पुरेनात, तेव्हा ते रोल्लातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणायला लागले. "दहा दिरहम. म्हणजे अडीचशे रुपयांच्या आत. एवढ्यात अख्खं खानदान येतं," असं म्हणून पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायचे. वाचायला नव्हे, तपासायला. शेवटची वीस पानं मी वाचायची आणि त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. खुनी कोण ते सांगायचं नाही, कोण मरतं तेही नाही. "माफी मिळते का?" एवढंच. मी 'हो' म्हटलं तर ते पुस्तक घरी न्यायचे. 'नाही' म्हटलं तर ते दुकानात परत. दुकानदाराला वाटायचं, हा माणूस फार पटापट वाचतो.

या वाचनाचा गोदामावर परिणाम होणारच होता. एकदा फ्रिजमधून माझा डबा गेला. वांग्याची भाजी होती, मला तिचं विशेष दुःख नव्हतं. पण शौकतभाई म्हणाले, "बाहेरचा माणूस नाही. गुन्हा घरातच आहे." मग त्यांनी एकेकाला स्टोअरमध्ये बोलावून चहा पाजला. समोर बसवायचं, बराच वेळ काही बोलायचं नाही, मग हळूच म्हणायचं, "बोल के देख. हलका हो जाएगा."

त्या दिवशी डबा सोडून सगळं बाहेर आलं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या पठाणाने मॅनेजरच्या गाडीला मागून पोचा आपणच पाडल्याचं कबूल केलं. अकाउंटंटने सांगितलं की आजारपणाच्या रजेवर असताना तो क्रिकेट बघायला गेला होता. शेवटी खुद्द मॅनेजर, आमचे केरळचे थॉमस सर, चहा पिऊन बाहेर आले ते डोळे पुसत. त्यांनी काय कबूल केलं ते शौकतभाईंनी आजतागायत सांगितलेलं नाही. डबा दुसऱ्या दिवशी माझ्याच घरी ओट्यावर सापडला. मी तो फ्रिजमध्ये ठेवलाच नव्हता. तसं मी शौकतभाईंना सांगितलं, तर त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला.

गेल्या वर्षी रमजाननंतर त्यांनी एक पुस्तक आणलं. माझ्याकडे कस्टमचे कागद साचले होते, थॉमस सर दर दहा मिनिटांनी 'यल्ला, यल्ला', आटपा आटपा, करत होते. मी पानं चाळली. एक बाई भावाला भेटायला तुरुंगात जाते एवढं दिसलं. मी म्हटलं, "मिळते माफी. न्या."

दोन आठवड्यांनी शौकतभाई कामावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बावीस वर्षांत न कळवता घेतलेली त्यांची ही पहिली रजा, असं थॉमस सर म्हणाले. तिसऱ्या दिवशी आले ते दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पुस्तक माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ती तुरुंगात जाते. त्याच्याकडे बघते. आणि काही न बोलता निघून जाते. तू नीट वाचलंस का, बाय?"

मी नीट वाचलं नव्हतं, तसं सांगितलं. माफी मागितली. मग मी विचारलं, "शौकतभाई, तुमचं काय आहे या सगळ्यात?"

ते खुर्ची ओढून बसले. चहा मात्र मागवला नाही.

आई लवकर गेली होती. थोरली बहीण जुलेखा, तिला ते बुबू म्हणत, तिनेच त्यांना वाढवलं. ते सोळा वर्षांचे असताना बुबूचं लग्न ठरलं. मुलगा कुवेतला नोकरीला, लग्न करून तिला घेऊन जाणार. घरात सगळे खूश, आणि शौकतला रोज घास गिळवेना. बुबू गेली तर आपलं कोण? एका दुपारी त्याने डाव्या हाताने निनावी पत्र लिहिलं आणि मुलाच्या घरी पोस्टाने पाठवलं. मुलीला फेफरं येतं, लपवलंय, असं.

लग्न मोडलं. तेवढंच झालं असतं तरी ठीक. पण गोष्ट पंचक्रोशीत पसरली. पुढची सहा वर्षं बुबूला एक स्थळ आलं नाही. शेवटी दोन मुलांच्या एका विधुर मास्तरांशी निकाह झाला. तोवर शौकत गल्फला आला होता.

"सुट्टीत गावी गेलो की तिच्याकडे जायचो. पाच मिनिटं. पाणी प्यायचो आणि निघायचो. ती जेव म्हणायची. कसा जेवणार?"

"आणि तुमचं लग्न?"

"तिचं मोडून मी कुठल्या तोंडाने बोहल्यावर चढू?"

तेच पुढे म्हणाले, "मास्तर वारले तीन वर्षांपूर्वी. आता ती इथे आली आहे, मुलीकडे. डिस्कव्हरी गार्डन्सला. व्हिजिट व्हिसावर. महिना झाला. रोज फोन करते, ये म्हणून. मी सांगतो, काम आहे."

"महिनाभर?"

"कामं असतात गो."

मी त्यांना म्हटलं, या रविवारी चला, मी येते सोबत. ते 'इन्शाल्ला' म्हणाले. आमच्याकडे पार्ट कधी मिळेल असं गिऱ्हाइकाने विचारलं की शौकतभाई याच सुरात इन्शाल्ला म्हणतात, त्यामुळे रविवारी सकाळी मी सरळ टॅक्सी करून रोल्लात त्यांच्या दारात उभी राहिले. ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात खजुराचा डबा घेऊन जिन्यात बसलेले होते. किती वेळ, कोण जाणे.

भाचीने दार उघडलं. मागे बुबू. ठेंगणी, पांढरी ओढणी, हाताला पीठ. मी समजत होते की शौकतभाई आधी चहापाणी, गावाकडची चौकशी वगैरे करतील. ते चपलाही न काढता उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "बुबू, ते कुवेतवाल्यांचं पत्र मी लिहिलं होतं."

भाची माझ्याकडे बघायला लागली. तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "Which letter?"

बुबूने हाताचं पीठ झटकलं. "आत तर ये," ती म्हणाली. "थंड हवा बाहेर चालली आहे."

ते आत येऊन बसले. ती समोर बसली.

"डाव्या हाताने लिहिलंस," ती म्हणाली. "पण तुझा 'फ' लपला नाही. त्याचं शेपूट तू उलट्या बाजूला काढायचास. चौथीपर्यंत मी छडी मारली तरी सुधारला नाहीस. मध्यस्थाने पत्र परत आणून दिलं, तेव्हा अब्बांच्या हातून मी घेतलं. फेफरं शब्द बघितला आणि कळलं."

"मग अब्बांना..."

"सांगितलं, कोणी जळकं असेल शेजारचं. आणि चुलीत घातलं. तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुला घरात ठेवला नसता. लग्न तर गेलंच होतं. वर तूही जायचास."

चहा पाजून अख्ख्या गोदामाकडून कबुल्या काढणारा माणूस, आणि त्याची स्वतःची कबुली त्याच्याआधी चाळीस वर्षं कोणीतरी वाचून ठेवलेली.

"मला राग नव्हता असं सांगणार नाही," बुबू म्हणाली. "ती सहा वर्षं वाईट गेली, शौकत. बायका मला पाण्यावर एकटी सोडत नव्हत्या, पडेन म्हणून. पण मास्तर चांगले मिळाले. पोरं चांगली मिळाली. तो राग कधीच गेला. दुसरा राहिला."

"दुसरा कुठला?"

"मला वाटलं, तू विसरलास. येतोस, पाणी पितोस, घड्याळ बघतोस, जातोस. म्हटलं, याला काही आठवत नाही. माझं आयुष्य इकडचं तिकडे केलं आणि याला पत्ता नाही."

"रोज आठवतं," शौकतभाई म्हणाले. आवाज एवढा बारीक की भाचीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "बुबू, एक दिवस गेला नाही."

"मग एवढं सांगायला चाळीस वर्षं लागतात होय रे?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. उठून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना पीठ लागलं, ते तिने झटकलं नाही. "माफ केलंय. कधीच केलंय. चल, भाकऱ्या गार होतील."

त्या दुपारी शौकतभाई तांदळाच्या चार भाकऱ्या जेवले. कोलंबीचं कालवण दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा न विचारता बुबूने वाढलं. मला त्यांच्याकडे बघवेना आणि बघायचंही होतं. गोदामात हा माणूस दोन बिस्किटांवर दिवस काढतो. जेवताना ते फारसं बोलले नाहीत. बुबू बोलत होती. कोणाचं घर पडलं, कोणाचं बांधलं, खाडीवरच्या पुलाचं काम कसं रखडलंय. ते मान हलवत होते, आणि मधेच दीर्घ श्वास घेत होते, जड पेटी खाली ठेवल्यावर माणूस घेतो तसा.

जेवण झालं आणि ते सोफ्यावर टेकले. मी हात धुऊन येईस्तोवर झोपून गेले होते. बसल्या बसल्या, तोंड किंचित उघडं, इस्त्रीच्या शर्टावर कालवणाचा एक डाग.

"Is he okay?" छोटीने विचारलं.

"झोपलाय गो," बुबू म्हणाली. तिने रिमोट मागितला, तो कसा वापरायचा ते नातीकडून शिकून घेतलं आणि एसी कमी केला. मग खांद्यावरची ओढणी काढून त्यांच्या पावलांवर टाकली, कडा नीट खोचल्या.

"पाय उघडे राहिले की याला झोप लागत नाही," ती मला हळू आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं कोण पांघरूण घालत होतं, देव जाणे."

मी चपला हातात घेतल्या आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.