धामणगावी शेवयांचे यंत्र राखिले त्याची हकीकत

कुलस्वामिनीचे स्मरण करोन लेखणी हाती धरिली आहे. धामणगाव बढे मुक्कामी, अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण जवळ आला असता आणि घरास रंग देण्याचे ठरले असता, उत्तमरावांचे माळ्यावर जी मोहीम जाहली ती पदरचे काही न घालता लिहितो. थोडे घातलेच तर वाचणारांनी मोठ्या मनाने घ्यावे.

उत्तमराव म्हणजे खासे घरधनी. वावराचा कारभार पुत्र गजेंद्र यांचे हाती दिलेला, म्हणोन हुकूम सोडण्यास दिवसभर मोकळे. त्यांनी सकाळचा चहा घेऊन फर्मान काढिले की, जी वस्तू वापरात नाही ती घरात नाही, मुलाहिजा न करता भंगारात रवाना करावी. मग गजेंद्र आणि सूनबाई प्रेरणा शिडी लावोन माळ्यावर चढले, आणि तेथे जी आडदांड लाकडी बाज पडली होती तीच प्रथम खाली ओढोन कुलदीप नामे भंगारवाल्याचे मालवाहू रिक्षात चढविली. कुलदीप ती घेऊन मोताळ्याचे वाटेस लागला. पहिल्याच तडाख्यात इतकी जागा मोकळी जाहली की उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरविला.

पुढे मात्र फौज फितूर होऊ लागली. गजेंद्र यांस शाळेची पत्र्याची पेटी सापडली आणि ते तिजवरच बैठक मारोन आतल्या गोट्या मोजू लागले, ते उठेनात. प्रेरणाबाईंस कॅसेटींचा खोका गवसला, मग त्या पेन्सिल घालोन सुटलेल्या फिती गुंडाळू लागल्या आणि गालातल्या गालात हसू लागल्या. चामडी कव्हराचा रेडिओ निघाला, पितळी स्टो निघाला, आणि दरेक वस्तू काही केल्या हातातून सुटेना. उत्तमरावांनी खालून वारंवार कुमक मागितली, ती आली नाही.

तशात जुन्या धोतरात गुंडाळलेले लोखंडी शेवयांचे यंत्र निघाले, दांड्यासकट, आणि आशाबाई, म्हणजे घरची खाशी स्वारी, पदर खोचोन आडव्या आल्या. उत्तमरावांनी बजाविले की शेवया हल्ली पुड्यात मिळतात, हे धूड जाईल. आशाबाईंनी जाब दिला की पुड्यातल्या शेवया ह्यांच्या तोंडास लागत नाहीत, ह्यांच्यासाठीच यंत्र इतकी वर्षे तेल देऊन जपले, ते जाणे नाही. बाई रागावल्या नव्हत्या, डोळे भरले होते, त्यामुळे उत्तमराव जरा नरमले आणि तह जाहला तो ऐसा की, दिवस मावळण्याआत यंत्राने शेवया पाडिल्या तर यंत्र राहील, न पाडिल्या तर कुलदीपाचे हवाली होईल.

मग बाईंनी यंत्र धुतले आणि रवा-मैदा भिजवोन गोळा मळोन ओल्या फडक्याखाली ठेविला. सर्व सिद्धता जाहली, आणि तेव्हा ध्यानी आले की यंत्राचा स्क्रू आवळावा तो बाजेच्या आडव्या लाकडास, आणि बाज तर सकाळीच गेली. बॉक्सपलंग जाड पडला. प्लास्टिकची खुर्ची वाकली. डायनिंग टेबलाची काच पाहोन प्रेरणाबाईंनीच हात जोडिले. इकडे पीठ सुकू लागले, आणि उत्तमराव ओसरीवर बसोन मान हलवू लागले.

गजेंद्रांनी मोटारसायकलीस लाथ मारिली आणि फाट्यावर कुलदीपास गाठिले. तो निंबाखाली बाज टाकोन तिजवर आडवा जाहला होता आणि म्हणत होता की, ऐसी गार झोप गादीवर लागत नाही, ही बाज आता तो कोणास देणार नाही. बहुत मसलत जाहली. अखेर ठरले की बाज दुपारपुरती उसनी यावी, बाजेबरोबर कुलदीपानेही यावे, आणि त्यास पोटभर खीर मिळावी.

बाज अंगणात आली. कुलदीपास वजन म्हणोन एके टोकास बसविले, दुसऱ्या टोकास यंत्र आवळिले, आणि धारा झेलण्यास आशाबाई ताट घेऊन बसल्या. दांडा मात्र गजेंद्रांस फिरेना, प्रेरणाबाईंस हलेना. तेव्हा उत्तमराव, जे शत्रुपक्षाचे, ते स्वतः उठले आणि बायकोसमोर पाट घेऊन दांड्यास बसले. पहिली धार काळी निघाली, ती टाकिली. मग जी पांढरी सुरू जाहली ती थांबेना, आणि अंगणात एकच गलका उडाला, आणि कुलदीप बाजेवर बसल्या जागी टाळ्या पिटू लागला.

आशाबाई हरखोन सुनेस सांगू लागल्या, “नवी नवरी होती मी, तवा हे वावरातलं काम टाकून दांडा फिरवाले येत. इतकी आवड यायले शेवयाची.”

उत्तमरावांचा हात थांबला. ते खाली पाहोन बोलले, “मले शेवया आवडत नाही. पयल्यापासूनच नाही. पन घरात मोठी मानसं, तुह्याशी बोलाले जागा नव्हती. दांडा फिरवाले बसलो की तू समोर राहे.”

बाईंचे हातातील ताट कलले. “मंग इतके सालं खाल्ल्या काऊन?”

“तू वाढे ना.”

सर्वांनी माना फिरविल्या आणि कुलदीपाने उगाच रिक्षाकडे पाहिले.

येणेप्रमाणे धामणगावी फत्ते जाहली. यंत्र घरात कायम जाहले, माळा होता तसा पुन्हा भरला, आणि रंगाचे काम पुढे ढकलले. आशाबाईंनी नवे फर्मान काढिले की दरसाल वैशाखात उभयतांनी यंत्राशी समोरासमोर बसावे, मात्र उत्तमरावांस आजपासून खीर माफ. हे ऐकोन उत्तमरावांनी वाटी पुढे केली.