शिट्टी विहिरीत पडली तो दिवस

मुलाणीबाईंनी रुजू झाल्या झाल्या पहिलं काम काय केलं, तर आमच्या सरकारी बालगृहाची शिट्टी विहिरीत टाकली. मी तिथला कारकून. ओरडलोच, "अहो बाई, सरकारी मालमत्ता आहे ती!"

"मग उतरा भाऊसाहेब, आणि काढा," बाई म्हणाल्या. "शिट्टी कंपनीला. हे घर आहे का गोदाम?"

तेव्हा चिंचवडच्या माळावर कंपन्या धडाधड उभ्या राहत होत्या. राबायला आलेल्यांची पोरं कुठं हरवायची, कुठं मागं राहायची, ती आमच्याकडं यायची. आमची रीत सोपी. पोर आलं की डोकं भादरायचं, खाकी चढवायची, शिट्टीवर उठवायचं, शिट्टीवर निजवायचं. बाईंनी न्हाव्यालासुद्धा वाटेला लावलं. त्यांचं ते "घर का गोदाम" माझ्या तोंडात इतकं बसलं की एकदा बायकोला म्हणून बसलो. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

पण कहर केला तो वाढदिवसांनी. जन्मतारीख ठाऊक नसली की सरकार 'एक जून' लिहून मोकळं होतं. आमची बहुतेक पोरं एक जूनचीच! बाईंनी फर्मान काढलं, "तारीख सरकारची राहू दे. वाढदिवस आपापला निवडा." रफिकनं ईद निवडली, सुरेखानं भाऊबीज. यल्लप्पा म्हणाला, "उद्या!" कारण उद्या शिरा हवा होता. ज्याचा दिवस असेल, त्याच्या खाटेशी पहाटे बाई स्वतः थाळी बडवायच्या, "ऐका हो, यल्लप्पा झाला!"

ही बोंब पुण्याला पोचली. मोठे साहेब आले, ते बाईंची बदली करून शिट्टी परत आणायचीच असं ठरवून. पोरांना कुणकुण लागली होती. त्या दिवशी एकाचा वाढदिवस होता, तरी एकही पोर शिऱ्याला हात लावेना. बाई गेल्या असत्या तर ते पुन्हा गोदामच झालं असतं.

"वाढदिवस काय निवडतात?" साहेब गरजले.

सुरेखानं विचारलं, "साहेब, तुमचा कधी?"

साहेब घुटमळले. "एक जून."

"अय्या, साहेब आपल्यातलेच!" पोरांनी एकच गलका केला. साहेब आधी लाल झाले, मग खुदकन हसले. "आई म्हणायची, पोळ्याच्या दिवशी झालो."

"मग पोळ्याला या जेवायला," बाई म्हणाल्या. बदलीचं नाव साहेबांनी पुन्हा काढलं नाही.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तशी यल्लप्पा म्हणाला, "बाई, तुमचा कधी?"

कधी न अडणाऱ्या बाई अडल्या. "माझाबी एक जूनच. मीबी असल्याच घरात वाढले. निवड म्हणून कुणी म्हटलंच न्हाई." आणि भांडी आवरायला निघून गेल्या.

पोरांनी मला घेरलं. शिट्टी कधी टाकली, भाऊसाहेब? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी म्हणालो.

पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंच्या दारात सगळ्या थाळ्या एकदम वाजल्या. "ऐका हो, आमच्या बाई झाल्या!"

बाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच बसून ढसाढसा रडल्या. मी पाणी द्यायला पुढं झालो, तर पदरानं डोळे पुसत माझ्यावरच खेकसल्या, "बघत काय बसलात भाऊसाहेब? माझा वाढदिवस आहे. शिरा टाका!"