आधी खोड सांगणारे अण्णू मेस्त्री

आमच्या शेजारचे अण्णू मेस्त्री गिऱ्हाइकाला आधी मालाची खोड सांगतात. करवंटीला बांबूचा दांडा बसवून ते डवल्या करतात, म्हणजे आमटी-भात वाढायचे पळे. कुणी डवली हातात घेतली की त्याच्या तोंडून "वा" निघायच्या आत मेस्त्री म्हणतात, "माका आधी खोड सांगूंदे. हिचो दांडो वायच वाकडो आसा." दुसरी उचलली तर, "ही खोलगट. हिना भात वाढशीत तर ताटाभायर पडतलो." आणि गुण? "गुण घराक गेल्यार कळतले. खोड हंयच कळाक होयी."

हा मजकूर छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला आहे. एवढी अक्कल मला आता आली. ती कशी आली ते सांगायला लाज वाटते, पण न सांगायची त्याहून जास्त वाटते.

मेस्त्र्यांची ही सवय डवल्यांपुरती नाही. त्यांची एकुलती एक मुलगी शालू. तिला बघायला देवगडहून मंडळी आली होती. हापूसच्या बागा, दोन मजली घर, बोलण्यात वजन. चहाचे कप यायच्या आधीच मेस्त्री म्हणाले, "चेडू रागीट आसा. भात करपयता. बाकी तुमी बगा." आतल्या खोलीत शालूने कप आपटला, तेव्हा पाहुण्यांची खात्रीच पटली. तरी लग्न जमलं. "जो बापूस असा बोलता, तो फसवूचो नाय," असं मुलाच्या वडलांनी तिथेच सांगितलं. तेव्हापासून व्याह्यांच्या घरात मेस्त्र्यांच्या शब्दाला किंमत आहे. मेस्त्री ती जिवापाड सांभाळतात. दर मे महिन्यात देवगडहून आंब्यांची पेटी येते आणि मेस्त्री दुसऱ्याच दिवशी सोललेल्या काजूंची पिशवी उलट धाडतात. उपकार एक रात्रही घरात ठेवत नाहीत.

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांवर. वडील चळवळीतले. आमच्या घरी धान्याच्या डब्यालाही मोर्चाच्या पत्रकाचं झाकण असायचं. त्यामुळे गेल्या वर्षी मालवणात मे महिन्यात हस्तकलेचा बाजार भरणार असं कळल्यावर मी मेस्त्र्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जाऊन भाषणच केलं. श्रमाची प्रतिष्ठा, दलालांची साखळी, कारागिराचा हक्क. मेस्त्री काचेच्या तुकड्याने करवंटी खरवडत होते. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "देवगडची माणसा येतीत काय थंय?"

"येतीत की. सगळो जिल्हो येतलो."

"मगे येतंय. मांडावात बसान माझो माल लोक मागतत, ता तेंका एकदा बगूंदे."

पाच शब्दांत सांगायचं ते त्यांनी बारा शब्दांत सांगितलं, म्हणजे गोष्ट किती मोठी होती बघा.

शिमगा संपला तशी तयारी सुरू झाली. डोळे असलेली अर्धी करवंटी मेस्त्री डवलीला घेत नाहीत, तिथून पाणी झिरपतं. बिनडोळ्यांची तेवढी निवडायची, भिजवायची, खरवडायची, भोकं पाडून दांडा ठोकायचा, खोबरेल चोळायचं. मग ऐन दुपारी सगळ्या डवल्या खळ्यात ओळीने टेकवून पाण्याने भरायच्या. जिच्यातलं पाणी उतरलं ती बाद. अडचण एकच. वाडीतल्या कावळ्यांना ही पाणपोई कळली. पाणी डवलीने गळवलं की कावळ्याने प्यालं, हे ठरवायला मेस्त्री छत्री उघडून उन्हात बसत आणि कावळ्यांना नावानिशी शिव्या घालत. एकदा डुलकी लागली, उठून बघतात तर अकरा डवल्या रिकाम्या. संशयाचा फायदा न देता त्यांनी अकराही पुन्हा भरल्या.

विक्रीची तालीम मी घेतली. मी झाले मुंबईची बाई.

"काका, ही भिंतीवर लावायला छान दिसेल."

"भितीर?" मेस्त्री डवली परत घेत म्हणाले, "मगे भित घेवन ये. मापान करून दितंय."

"काकानु, गिऱ्हाइकाक असा बोलूचा नाय!"

"मगे गिऱ्हाइकान असा इचारूचा नाय."

त्या संध्याकाळी मला वाटलं, हा माणूस एकही डवली विकणार नाही. म्हणून मी पत्रक लिहायला घेतलं.

मेस्त्र्यांची स्वतःची भातशेती आहे, लहान का होईना. परसात काजूची झाडं आहेत. पेपर ते रोज शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. ओरोसला कुठल्या कार्यालयाने जुन्या खुर्च्या विकायला काढल्या हे वाडीला त्यांच्याकडून कळतं. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि मी लिहिलं: ‘भूमिहीन, निरक्षर, उपेक्षित कारागीर अण्णू मेस्त्री! ज्यांच्या डवल्यांनी जगाला वाढलं, त्यांच्या घरी चूल एकदाच पेटते!’ पुढे आणखी पानभर. लिहिताना डोळे भरून आले होते. ही एका माणसाची नाही, साऱ्या कारागिरांची गोष्ट आहे, असं मी स्वतःला समजावलं. त्या साऱ्या कारागिरांपैकी जो आमच्या दगडी गडग्यापलीकडे, कुंपणाच्या त्या बाजूला बसला होता, त्याला दाखवायचं मात्र मनात आलं नाही. पत्रकं कुडाळहून छापून आणली ती थेट बाजारात.

मेस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चष्मा सदऱ्याच्या खिशात, कारण डवल्या त्यांना बोटांनीच कळतात. सकाळपासून गर्दी होती. मी पत्रकं वाटत होते, लोक वाचून हळहळत होते आणि डवल्या घेत होते. मेस्त्री खोडी सांगत होते, तरी घेत होते. मेस्त्री चकित. "गो बाय, लोकांका खोडच आवाडता!" ते मला दोनदा म्हणाले. मी हसले.

अकराच्या सुमारास शालू आली. बरोबर सासू आणि सासरे. मेस्त्री उभे राहिले. सासऱ्यांनी मांडणीभोवतीची माणसं बघितली आणि समाधानाने मान हलवली. मेस्त्र्यांना जे हवं होतं ते झालं होतं. मग सासऱ्यांनी टेबलावरचं पत्रक उचललं आणि मोठ्याने वाचलं. त्यांना सगळंच मोठ्याने वाचायची सवय आहे.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मेस्त्र्यांनू, एकच वेळ चूल पेटता तुमची? आमका सांगूचा तरी. दोन गोणी तांदूळ धाडले असते."

सासूबाईंनी शालूकडे बघितलं. शालूचा चेहरा पांढरा पडला. "बाबा?"

मेस्त्र्यांनी खिशातून चष्मा काढला. पत्रक हातात घेतलं आणि शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत वाचलं. मला बोलायचं होतं. तहसीलदाराच्या दारात घसा फोडून बोलणारी मी. हे मी लिहिलं, हे खोटं आहे, एवढंच म्हणायचं होतं. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती, माझ्या ओळखीची, माझं लिखाण वाचणारी. मी हातातला पत्रकांचा गठ्ठा नीट लावत राहिले.

"ह्या कोणी लिवल्यान?" सासऱ्यांनी विचारलं, आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर आली.

"तिका काय बोलू नकात," मेस्त्री म्हणाले. "मियाच सांगलंय, असा लिव म्हणान. मुंबैकारांका कीव इली तर डवल्यो खपतल्यो."

व्याही मोठ्याने हसले. "म्हंजे मेस्त्रीव शिकले तर धंदो!"

"शिकाक लागता," मेस्त्रीही हसले. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

जाताना सासूबाईंनी एक डवली उचलली, उलटसुलट करून निरखली आणि खाली ठेवली. शालू वळून वळून वडलांकडे बघत गेली.

मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली. दुपारभर मेस्त्री गिऱ्हाइकांना डवल्या देत राहिले, नुसत्या, एकाही शब्दाशिवाय.

संध्याकाळच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले. कट्टा गाव मागे गेलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. "काकानु, मी देवगडाक जावन खरा काय ता सांगतंय."

"सांग," ते म्हणाले. "पण आंबे सरल्यार. आता तेंका टायम नाय."

आंबे सरल्यावर मी गेले आणि सांगितलं. त्याबद्दल मला काही शाबासकी नको.

"पण तुमी कित्याक खोटा बोललास?" एसटीत मी पुढे विचारलं.

"तुका अजून लिवचा आसा," ते म्हणाले. "माका काय, डवल्यो करूच्यो."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी चष्मा लावला, नखाने एक ओळ दाखवली. "ही एक मात्र खरी लिवलंस. तुका कशी कळली?"

‘दिवेलागणीनंतर त्यांच्या घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं.’

शालूची आई जाऊन सहा वर्षं झाली आहेत. ती ओळ लिहिताना माझ्या मनात हे नव्हतं. वरचं वाक्य जरा लांबलं होतं, म्हणून खाली एक छोटं हवं होतं.

"कशी कळली गो?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक गडगा आहे. तो माझ्या गुडघ्याएवढा उंच आहे.