निरंकरावांचं रिकामं घर

अर्ज भरण्यात निरंकरावांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मत त्यांचं स्वतःचंच, पण ते इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगत की ऐकणाऱ्यालाही ते आपलंच वाटायला लागे. मोठ्या कचेरीच्या फाटकापाशी छत्रीखाली घडीचं टेबल मांडून एकवीस वर्षं ते लोकांचे अर्ज भरत होते, आणि त्यातला एकही परत आलेला नव्हता. खरं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं. ती पाटी पुसट झाली आणि लोकांनी पाडलेलं नाव तेवढं उरलं.

नाव पडलं ते त्यांच्या एका नियमामुळे. रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना दिसला की साहेबाला शंका येते, शंका आली की तो प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारला की अर्ज लटकलाच म्हणून समजा. म्हणून जिथे काय लिहावं ते सुचत नाही तिथे सरळ 'निरंक' ठोकायचं. म्हणजे काही नाही. विषय संपला.

"शंका तिथे निरंक," ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक काही न कळता मान डोलवत असे.

अशा माणसाच्या लेकीला फिजिओथेरपीच्या कॉलेजात जागा मिळाली. आखडलेले सांधे मोकळे करायचं शास्त्र. पोरीला त्याचं लहानपणापासून वेड. पण फीचा आकडा बघून निरंकरावांचेच सांधे आखडले. एक संस्था अशा मुलामुलींना शिष्यवृत्ती देते असं कळलं. अटी दोनच. घरची गरज खरी हवी, आणि शंभर तास समाजसेवा केल्याची सह्यांची वही हवी. महिनाअखेर मंजुरी आली नाही तर जागा पुढच्या नंबराला जाणार होती.

समाजसेवेची काळजी नव्हती. वाचनालयाच्या सभागृहात पोरगी आठ महिने आठवड्यातून तीनदा सकाळी तासभर म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून व्यायाम करून घेत होती. दवाखान्यातल्या बाईंनी आखून दिलेलेच, पण इतक्या चिकाटीनं, की जिने बघून रडणारी माणसं आता जिन्यांना नावं ठेवत चढत होती. शंभर तास भरतच आले होते.

"अर्ज मीच भरते, बाबा," ती म्हणाली.

"तू?" निरंकरावांनी पेन असं काढलं की जणू म्यानातून तलवार. "न्हाव्याच्या पोरानं स्वतःचे केस स्वतः कापायचे, आणि बापानं बघत बसायचं? जा, व्यायाम घे तू."

सोळा रकाने झरझर भरले. सतराव्याला पेन अडलं. घरातील वस्तूंची यादी. फ्रिज लिहावा तर म्हणतील, फ्रिज आहे, मग गरज कसली? न लिहावा तर खोटं. निरंकरावांनी डोकं खाजवलं, छताकडे पाहिलं, आणि एकवीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला. निरंक.

आठ दिवसांनी पत्र आलं. संस्थेच्या बाई शनिवारी सकाळी अकरा वाजता घराची पाहणी करायला येतील, वही तयार ठेवावी.

निरंकरावांनी पत्र तीनदा वाचलं आणि मटकन खाली बसले.

"अहो, अर्जात निरंक म्हणजे काय काय नाही?" बायकोनं विचारलं.

"काहीच नाही."

"पंखा?"

"नाही."

"खाट?"

"नाही."

"चमचे तरी असतील?"

"चमचा ही वस्तूच आहे."

"मग मी तरी आहे का त्यात, तेवढं बघा."

"तू कुटुंबाच्या रकान्यात आहेस," निरंकराव गंभीरपणे म्हणाले. "तुझी अडचण नाही."

आता दुसरा कुणी असता तर संस्थेत जाऊन चूक दुरुस्त करून आला असता. पण दुरुस्ती म्हणजे अर्ज परत आला! निरंकरावांचा अर्ज, आणि परत? त्यापेक्षा घर दुरुस्त करणं त्यांना सोपं वाटलं. अर्जाप्रमाणे घर, की झालं काम.

शनिवारी शंभरावा तास दहाला होता, पण सभागृह झाडून सतरंज्या घालायला पोरगी आठलाच गेली. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण तिला खरं बोलायची वाईट खोड होती. ती कोपऱ्यावरून वळली मात्र, निरंकरावांनी दोन हमाल वर बोलावले. मजुरी म्हणून दोघांचे रेशनकार्डाचे अर्ज फुकट भरून द्यायचं ठरलं होतं. सामान ठेवायचं वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे. काकू एकट्या राहायच्या आणि कुणाला नाही म्हणायच्या नाहीत.

आधी कपाट गेलं. मग खाट, फ्रिज, टीव्ही, टेबल, खुर्च्या, भांडी, गाद्या, आरसा, दोरीवरचे कपडे, दोरी. बायकोनं पाण्याचा एक तांब्या पाठीमागे लपवला होता, तोही निरंकरावांनी काढून घेतला. साडेनऊपर्यंत काकूंच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. काकू दाराबाहेर उभ्या राहिल्या, मग कंटाळल्या आणि कुलूप लावून व्यायामाला गेल्या. किल्ली कमरेला.

निरंकरावांनी रिकाम्या घराकडे पाहिलं. भिंतीवर जिथे कपाट होतं तिथे कपाटाएवढा पांढरा चौकोन उरला होता. एवढं सोडलं तर घर अगदी अर्जाबरहुकूम होतं.

अकराला बाई आल्या. चष्मा, जाड फाइल, चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही.

"या, बसा," निरंकराव म्हणाले. भिंतींनी ते दोनदा परत म्हटलं. बाईंनी बसायला जागा शोधली, मिळाली नाही, तेव्हा खिडकीच्या कट्ट्याला टेकल्या.

"राहायला कधी येणार आहात?"

"आम्ही इथेच राहतो. एकोणीस वर्षं."

"झोपता कशावर?"

"जमिनीवर."

"पांघरता काय?"

निरंकरावांनी अर्ज आठवला. "निरंक."

"स्वयंपाक कशात करता?"

निरंकरावांनी बायकोकडे पाहिलं. पाहुणी घरात येऊन उभी आहे आणि तिला घोटभर पाणी विचारता येत नाही, या दुःखानं बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्याकडून मदत मिळायची नव्हती.

"शेजाऱ्यांना विचारा हवं तर," ते घाईनं म्हणाले आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या रिटायर ड्रायव्हरना हाक मारली. ड्रायव्हरसाहेबांना कालच पढवून ठेवलं होतं, की विचारलं तर सांगा, यांच्याकडे काही नाही. ड्रायव्हरसाहेब मैत्रीला जागणारे होते.

"यांच्याकडे काही नाही, बाई," ते म्हणाले. "कधीच नव्हतं. मी यांना आजवर जेवताना पाहिलेलं नाही. इथे दिवा लागलेलाही आठवत नाही मला."

बाईंनी फाइल उघडली आणि लिहायला लागल्या. टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांचं लिहिणं वाचत निरंकरावांनी आयुष्य काढलं होतं, त्यामुळे उलटी अक्षरं त्यांना सुलट्यापेक्षा भराभर वाचता येत. त्यांनी वाचलं, 'दिलेल्या पत्त्यावर कोणीही राहत नाही.'

पोरीची जागा डोळ्यांदेखत चालली होती, आणि तीही त्यांच्याच पेनामुळे.

"थांबा, विजेचं बिल दाखवतो," ते म्हणाले, आणि कपाटाकडे धावले. तिथे पांढरा चौकोन होता.

"वही?" बाईंनी विचारलं.

वहीसुद्धा कपाटात होती. सांभाळून ठेवायची म्हणून बायकोनं काल रात्रीच पोरीच्या पिशवीतून काढून आत ठेवली होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकदोन नाही, बरीच. शंभराव्या तासाच्या सह्या घ्यायला पोरीनं पिशवी उघडली, तर वही नाही. म्हणून सगळा वर्गच सही करायला घरी आला होता. अकरा म्हातारे, आणि बाराव्या वरच्या काकू. पोरीनं दारातून आत पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, चोरी झाली?"

"चोरी?" बाई म्हणाल्या. "इथे तर काहीच नव्हतं ना?"

"नव्हतं कसं? फ्रिज होता, टीव्ही, खाट, चार खुर्च्या, कपाट, मिक्सर..." निरंकराव डोळे मिचकावत होते, खोकत होते, मान हलवत होते. पोरगी बोटं मोजत राहिली. "बाबा, तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?"

"चोरीबिरी काही नाही गं," काकू म्हणाल्या. "सगळं माझ्या घरात कोंबलंय तुझ्या बाबांनी. मी सकाळपासून उभी आहे."

पोरगी बापाकडे बघत राहिली. निरंकरावांना त्या नजरेपुढे उभं राहवेना.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "तिला यातलं काही ठाऊक नाही. एक रकाना मला भरता आला नाही आणि कबूल करायची लाज वाटली. माझ्या हातचा अर्ज परत करा, फाडा, काय वाटेल ते करा. पण त्यापायी तिची जागा घालवू नका."

बाईंनी चष्मा पुसला. "वही आणा आधी."

आणायची कशी? कपाट सगळ्यात आधी गेलेलं, म्हणजे सगळ्यात आत. सगळं सामान बाहेर निघाल्याशिवाय वही हाती लागणार नव्हती, आणि हमाल तर निघून गेले होते.

"त्यात काय मोठंसं?" एक आजोबा बाह्या सरसावत म्हणाले आणि जिना चढले. बाकीचे मागोमाग.

मग बाईंच्या डोळ्यांसमोरून निरंकरावांचा संसार एकेक करून खाली उतरला. ज्यांचा खांदा वर्षभर वर जात नव्हता त्या आजी डोक्यावर खुर्ची घेऊन आल्या. काठीवाल्या आजोबांनी काठी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी मिक्सर आणला. पोरगी जिन्यात उभी राहून ओरडत होती, "कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका!" आणि बारा जण गुडघ्यातून वाकत होते. बाई एकेक वस्तू लिहून घेत होत्या. फ्रिज, दार सुतळीनं बांधलेलं. टीव्ही, थापट मारल्यावर दिसतो. खाट, चौथ्या पायाच्या जागी विटा. खुर्च्या चार, पैकी बसण्याजोगी एक. आरसा, तडा गेलेला.

बायको तांब्या सापडल्याबरोबर पाणी घेऊन आली.

शेवटी कपाट उघडलं आणि वही आली. बारा जणांनी सह्या केल्या. बाई पाणी प्यायल्या आणि निरंकरावांकडे वळल्या.

"इतक्या मोडक्या वस्तू मी एका घरात कधी पाहिल्या नाहीत. अर्जात एवढंच लिहिलं असतंत, तर मला यायचंही कारण नव्हतं."

महिना संपायला चार दिवस असताना पाकीट आलं. निरंकरावांनी ते जिन्यातच फोडलं आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले.

"शिष्यवृत्ती मंजूर! सोबत पाहणी अहवाल. ऐका. घरची गरज: निःसंशय. समाजसेवा: प्रत्यक्ष पाहिली, जिन्यात. अर्जदाराचा प्रामाणिकपणा: गैरसोय होईल इतका." काकूंनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरसाहेब शिट्टी मारायला गेले, पण दातांनी साथ दिली नाही. निरंकरावांनी मात्र कागदाची घडी घालायला घेतली.

"अजून एक ओळ आहे, बाबा," पोरीनं त्यांच्या हातून कागद घेतला. डोळे पुसले आणि मोठ्यानं वाचलं. "पालकांचे सहकार्य: निरंक."

सगळा जिना हसला. बायको तर कठड्याला धरून हसली.

"रकाना रिकामा नाही ठेवला," निरंकराव पुटपुटले. "बाई कामाच्या आहेत."