गफ्फारभाईंची इंग्रजी

सकाळी दात घासायला मी अंगणात आलो की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "गुड मॉर्निंग, मास्तर! हाऊ इज युवर बफेलो?"

माझ्याकडे म्हैस नाही. कधी नव्हतीही. पण गफ्फारभाईंना येणाऱ्या इंग्रजी वाक्यांत हे सगळ्यांत भारदस्त होतं, ते काही वाया जाऊ देणार नव्हते. मीही तोंडात फेस घेऊन "फाइन, थँक यू" म्हणायचो. इंग्रजीचा मास्तर ना मी!

बाभुळगावात एसटी स्टँडसमोर गफ्फारभाईंचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. कापसाने दगा दिला त्या वर्षांत दुकानात मोटारी कमी आणि माणसंच जास्त यायची. तासन्‌तास बसायची, मनातलं बोलायची. मागच्या खोलीत अभ्यास करणारी त्यांची लेक नसीम ते सगळं ऐकायची. लहानपणीच आई गेलेली ही पोर ऐकता ऐकता समाजशास्त्रात एमए झाली आणि एक दिवस म्हणाली, मला परदेशात पीएचडी करायची आहे.

दुसऱ्या बापाने डोक्याला हात लावला असता. आमच्या गफ्फारभाईंनी एवढंच विचारलं, अटी काय आहेत?

अटी ऐकून मात्र ते तापले आणि थेट माझ्याकडे आले. तीन शिफारसपत्रं हवी होती, तीही प्राध्यापकांची. घरच्यांचं चालणार नव्हतं.

"काहून नाही चालत? जो पैदा झाल्यापासून तिले पाहून राह्यला, त्याचीच गवाही नको? कोर्टात तरी असं होते का, मास्तर?"

"बापाच्या साक्षीला कोर्टातही कोणी फारसं विचारत नाही," मी म्हणालो. त्यावर बरेच दिवस म्हशीची चौकशी बंद होती.

दुसरी अट इंग्रजीच्या परीक्षेची. बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना ती द्यावीच लागे आणि तीत बोलणंही होतं. झालं! दुकानात इंग्रजी सक्तीची झाली. गिऱ्हाइकाने एक तरी वाक्य बोलल्याशिवाय गफ्फारभाई पान्याला हात लावेनात.

"नसीमच्या कानावर पडाले पायजे," म्हणायचे.

राळेगावकडचे एक आजोबा एसटीतून मोटार उतरवतानाच "मोटर नॉट स्टार्टिंग, भाई!" असं ओरडले, तेव्हा अख्खा स्टँड हसला. मला सांगायला लाज नाही, माझ्या सगळ्या नोकरीत मी जेवढ्यांना इंग्रजी बोलतं केलं नाही, तेवढ्यांना त्या माणसाने केलं.

नसीम पास झाली. तिकडच्या विद्यापीठाने बोलावलं आणि ती गेलीसुद्धा. आमच्या गल्लीतली पोर! मी वर्गावर्गात जाऊन सांगितलं, आणि अजूनही संधी मिळाली की सांगतो.

आता रविवारी तिचा फोन येतो. ती बिचारी घरच्या बोलीत विचारते, "अब्बा, खाना खाये क्या? दुकान में कौन कौन आते?" आणि हे इकडून ठणकावतात, "यस. आय ॲम फाइन. वेदर गुड. ऑल कस्टमर फाइन."

परवा मला राहवेना. फोन ठेवल्यावर म्हणालो, "अहो, परीक्षा केव्हाच संपली. पोरीशी तरी आपल्या बोलीत बोला!"

गफ्फारभाई बराच वेळ पाना पुसत राहिले.

"आपल्या बोलीत बोललो का रडू येते, मास्तर. इंग्रजीत मले रडता येत नाही. तिले वाटते, अब्बा मजेत हाये."

दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी मीच आधी भिंतीपाशी गेलो.

"गुड मॉर्निंग, गफ्फारभाई! हाऊ इज युवर बफेलो?"



"फाइन," पलीकडून आवाज आला. "थँक यू, मास्तर."