बाकापर्यंतची वाट

ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका होडीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. हात पुसला, फोन घेतला, ऐकलं, आणि उरलेले दोन बोल्ट आवळूनच उठलो. मेहुणी ते अजून ऐकवते.

महिन्याभराने नोटीस लागली. कासवं अंडी घालतात म्हणून किनाऱ्याची वाट चार महिने बंद ठेवायची का, यावर गावाची सभा. ही सभा हिनेच दोन वर्षं अर्ज करकरून मागितली होती. वाटेच्या टोकाला एक बाक आहे. ही रोज सकाळी तिथे वहीत काहीतरी मोजून लिहायची. काय, ते मी कधी विचारलं नाही. हल्ली तिथे मी बसतो. वाट बंद म्हणजे बाक बंद. मी जाहीर केलं, वाट उघडी ठेवून दाखवतो!

मला बोलता येत नाही. पण कपाटात हिचं पाकीट होतं, वर लिहिलेलं: 'सभेसाठी'. जन्मभर हिने बंद वाचनालयं आणि कचेऱ्यांच्या बंद खिडक्याच उघडायला लावल्या, तेव्हा आत काय असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. शिवाय पाकीट उघडलं की हिचं पानभर अक्षर दिसणार. म्हणून उघडलं नाही.

मग घरोघर फिरलो. वहिनींनी लिहिलंय त्यालाच हात वर करायचा, असा सगळ्यांकडून शब्द घेतला. होडीवाल्यांचा पुढारी लगेच तयार झाला. वाट बंद करा म्हणणाऱ्या शाळेच्या बाई तर त्याच्याही आधी. वर हसल्या. मला वाटलं, हरल्या बिचाऱ्या.

सभेत पाकीट फोडलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागलो.

"वाट चार महिने बंद ठेवावी. होड्या खडकाच्या पलीकडून काढाव्यात. आणि सर्वांत आधी आमच्या ह्यांना अडवावं. मला चहा घेऊन येतात ते नेमके घरट्यांवरून. सतरा वेळा सांगितलं. मान हलवतात आणि पुन्हा तिथूनच येतात."

सोबत नकाशा होता. घरट्यांच्या खुणा, आणि त्यांच्यामधून एक वाकडीतिकडी रेघ. रेघेवर लिहिलं होतं: 'हे'.

पुढारी डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, शब्द तुम्हीच घेतलाय."

सगळे हात वर गेले. माझाही.

"काका, खाली अजून एक ओळ आहे," बाई म्हणाल्या. ती मी जरा हळू वाचली.

"वाटेच्या तोंडाशी साखळी लावावी आणि तिची किल्ली ह्यांच्याकडे द्यावी. दुसऱ्यांना अडवताना तरी स्वतः थांबतील."

आता रोज सकाळी मी साखळीपाशी उलटी बादली टाकून बसतो. थर्मास असतो. इथून बाक दिसतो. त्याचा डावा पाय डुगडुगतो, दोन बोल्ट आवळायचे आहेत. हिने सांगून वर्ष झालं. ते काम राहिलंय.